अकरा चिकू

नवरात्राच्या पाचव्या दिवशी आईच्या श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास आला. तिला मधुमेह होता, म्हणून मी रागावलो. "आई, चिकू खाल्लास ना?"

"मोजून बघ. तुला तेवढंच येतं."

मी मोजले. बायकोच्या उपवासासाठी आणलेले अकराही टोपलीत होते. तरी माझा विश्वास बसला नाही. संध्याकाळी आई बेशुद्ध पडली.

अलकापुरीतल्या इस्पितळात डॉक्टरांनी सांगितलं, इन्सुलिन नसेल तर रक्तातली साखर पेशींना वापरता येत नाही. मग शरीर चरबी जाळतं आणि श्वासाला असा वास येतो. आईनेही उपवास धरला होता; जेवायचं नाही, तर सुई कशाला, म्हणून तिने पाच दिवस इन्सुलिन घेतलंच नव्हतं.

आई घरी परतली नाही. आता मी चिकू आणत नाही. तरी सोसायटीत गरबा सुरू झाला की तो वास येतो, आणि मी रिकाम्या टोपलीत हात घालून बघतो.