नवाबाचा तळहात

वेल्डिंग करणाऱ्या माणसाने दिवसाचा निम्मा वेळ खुर्चीत बसून काढावा आणि वर त्याच खुर्चीवरून इतरांना आळशी म्हणावं, हा प्रकार मी आयुष्यात एकाच माणसात पाहिला. खुर्चीसुद्धा आमची नव्हे. पुसेगावहून येताना तो ती मोटारसायकलला मागे बांधून आणायचा. लोखंडी, घडीची, पाठीला नायलॉनची पट्टी. आमच्या खडीक्रशरवर पोचला की सावली दिवसभरात कुठून कुठे सरकणार याचा आधी अंदाज घ्यायचा, मग खुर्ची मांडायचा, आणि मग कुठे कामाकडे वळून बघायचा. त्याचं खरं नाव पुंडलिक. आम्ही त्याला तोंडावर मामा आणि पाठीमागे नवाब म्हणायचो. हे त्याला पक्कं ठाऊक होतं आणि त्यात त्याला काहीही गैर वाटत नव्हतं, यावरूनच ते नाव किती योग्य होतं हे कळावं.

मी तेव्हा नरसी नामदेवच्या अलीकडच्या माळावर एका खडीक्रशरला वजनकाट्यावर होते. अजूनही तिथेच आहे. सेनगावची, बी.कॉम. झालेली, रोज जीपमध्ये कोंबून येणारी. काट्याची केबिन चार पायऱ्या उंचावर, तिला मोठी काच, आणि त्या काचेतून सगळा क्रशर दिसायचा. माझी नजर फार तिखट आहे अशी माझी समजूत होती, आणि मी काही चुरचुरीत बोलले की हसणारे लोकही भोवती भरपूर होते. माणूस बिघडायला एवढं पुरतं.

नवाबाचं काम असं. क्रशरचा जबडा म्हणजे दोन जाडजूड प्लेटा, त्यांवर उभे दात. वरून दगड पडतो, प्लेटा तो चावतात, खालून खडी पडते. आमच्या माळाचा काळा दगड असा की थोड्याच दिवसांत ते दात झिजून गुळगुळीत व्हायचे. मग झिजलेल्या दातांवर कडक रॉडचे थर चढवून ते पुन्हा उभे करायचे. नवाब ती प्लेट पाण्याच्या हौदात ठेवायला लावायचा, फक्त दातांचा भाग वर. तोंडावर ढाल धरून बोटभर लांबीचा थर मारायचा, त्यावर हातोडीने हलकं टकटक करायचा, आणि झालं! साहेब खुर्चीत. चहा मागवायचा. बऱ्याच वेळाने उठून थराशेजारी प्लेटवर उघडा तळहात टेकवायचा, तोंड वाकडं करायचा आणि परत येऊन बसायचा. कधी तरी स्वारीची मर्जी झाली तर पुढचा बोटभर.

बसल्या बसल्या तो जगाची लायकी काढायचा. एकदा एक डिप्लोमा झालेला मुलगा चौकशीला आला. नवाबाने विचारलं, "काय शिकला?" मुलाने सांगितलं. "मंग लांब उभा राह्य," नवाब म्हणाला, "शिकल्याल्या माणसाला लवकर लागते." वेल्डिंगचा लखलखाट उघड्या डोळ्यांनी बघणाऱ्यांना तो अडवायचा नाही. "बघ, बघ. घरी आलू हायेत ना? डोळ्यावर ठेवायला लागतेत." स्वस्तातले रॉड वापरणाऱ्या मिस्त्र्यांना तो मिस्त्री म्हणतच नसे. त्याच्या लेखी ते लोखंडाला चिकटपट्टी लावणारे लोक होते. माझ्याबद्दलही त्याचं मत चांगलं नव्हतं. "काटेवाली बाई," तो म्हणायचा, "तुला वजन कळते. दुसरं काय कळते?"

आणि कारण सांगणं हा त्याला स्वतःचा अपमान वाटायचा. त्याच्या पुसेगावच्या अंगणात एक शेतकरी रोटाव्हेटरची पाती घेऊन आला होता, त्याचा किस्सा आमच्या ड्रायव्हरने डोळ्यांनी पाहिलेला. नवाबाने प्रत्येक पात्याला एकाच बाजूने कडक थर दिला आणि पाती त्याच्या पुढ्यात टाकली. शेतकरी बिचारा म्हणाला, "मामा, दुसरी बाजू राह्यली की." नवाब म्हणाला, "भाकर दोन्हीकून भाजतेत. पातं न्हाई." शेतकरी शिव्या घालत गेला. सोयाबीनच्या पेरणीनंतर परत आला तेव्हा सांगायला लागला की पाती वापरून वापरून आणखी धारदारच झाली. मऊ बाजू आधी झिजते आणि कडक बाजूची धार आपोआप उघडी राहते, हे दोन वाक्यांत सांगता आलं असतं. पण नवाबाने ती दोन वाक्यं आधी सांगितली नव्हती आणि नंतरही सांगितली नाहीत. "मंग?" एवढंच म्हणाला.

मग आमचा क्रशर एका गुत्तेदाराने घेतला. रस्त्याचं मोठं काम त्याच्याकडे आलेलं, खडी कालच हवी होती. डांबर, डंपर आणि पुढारी या तीन गोष्टी त्याला उत्तम कळत. पोलाद कळत नसे, पण आपल्याला काही कळत नाही हे कळायला जी उसंत लागते तीही त्याच्याकडे नव्हती. एका दुपारी तो माझ्या केबिनमध्ये उभा राहून काचेतून बघत होता. हौदात प्लेट, हौदाशेजारी खुर्ची, खुर्चीत नवाब.

"हा माणूस काम कधी करतो?" मालकाने विचारलं.

"मामांचा दिवस दोन भागांत असतो साहेब," मी म्हणाले. "सकाळी बसायचं आणि दुपारी टेकायचं." केबिनमधले दोघे-तिघे हसले. लोक हसले की मला थांबता येत नाही. "आज सकाळपासून मी बघतेय. पाच तास तरी बसलेत. कमी सांगत असेन, जास्त नाही."

मालक तडक खाली गेला. काचेतून मला ऐकू येत नव्हतं, म्हणून मी दार उघडून पायरीवर उभी राहिले. तेवढी उत्सुकता मला होती. मालकाने आधी नीटच विचारलं, हे सांगायला हवं. "एवढं बसायचं कारण काय?" नवाबाने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "बसाया कारण लागते व्हय? खुर्ची हाय." मालक म्हणाला, "मग घेऊन जा ती." नवाबाने चहा संपवला, खुर्ची घडी केली, मोटारसायकलला बांधली आणि निघून गेला. क्रशरचं काम हेच त्याचं बारमाही काम होतं. पात्यांचं काम पेरणीपुरतं. हे मला त्या वेळीही माहीत होतं. मी जाऊन गाड्यांची वजनं करायला लागले.

दुसऱ्या दिवशी बाहेरून दोघे जण आले. त्यांच्याकडे पिकअप, मोठं मशीन, काळे चष्मे. प्लेट हौदात बघून त्यांतला एक म्हणाला, "पाण्यात काय करतेय ही? म्हैस आहे का?" सगळे हसले, मीही. प्लेट बाहेर काढली. एक जण दमला की दुसरा, असं न थांबता त्यांनी एका दुपारीत सगळे दात उभे केले. प्लेट लालभडक झाली होती. निवल्यावर ग्राइंडर मारून त्यांनी वरून चंदेरी रंग दिला. काय ते रूप! मी फोटो काढून स्टेटसला ठेवला.

नवव्या दिवशी सकाळी जबड्यातून असा आवाज आला की माझ्या केबिनची काच थरथरली. प्लेट आडवी फुटली होती. तिचा एक तुकडा दुसऱ्या प्लेटेच्या दाबाने वर उडाला आणि दगड सोडायला उभ्या असलेल्या शंकरच्या नडगीवर बसला. शंकर आमच्याच गल्लीतला, माझ्याच जीपने यायचा. त्याला हिंगोलीला नेल्यावर मी तो तुकडा उचलून पाहिला. आतून दाणेदार, फोडलेल्या गुळासारखा. रंग फक्त वर होता.

मालकाने प्लेटा पुरवणाऱ्याला फोन लावून भांडण काढलं. पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, "तापवली होती का? ह्या पोलादाला दगडाचा मार चालतो, उष्णता चालत नाही. तापलं की काचेसारखं होतं. थोडं वेल्डिंग करायचं, थांबायचं. हात टेकवता आला तरच पुढचा थर." फोन स्पीकरवर होता. मालकाने माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर पाहिलं, तर तिथे रिकामा हौद.

नवाबाला आणायला मलाच पाठवलं. मालकाला स्वतः जायची लाज वाटत होती आणि मला ती नसेल असं त्याने गृहीत धरलं. पुसेगावला त्याच्या अंगणात तो पाती घासत बसला होता. मामीने पाणी दिलं. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, "मामा, तुम्ही बसून राहता हे मालकाला मी सांगितलं होतं."

"मालूम हाय."

"माझं चुकलं."

"काहून? खोटं थोडंच सांगितलं. बसूनच तर होतो. पाच तास म्हणली ना?" त्याने पातं उजेडात धरून पाहिलं. "साडेपाच असतील. मोजलं बराबर. काहून बसला, ते इचारलं न्हाई."

हे ऐकून मला शरम वाटायला हवी होती. वाटलीही, पण आधी संताप आला. "मालकांनी विचारलं होतं!" मी ओरडले. "तुम्ही काय सांगितलं? खुर्ची आहे म्हणून! एक वाक्य सांगायचं होतं तुम्हाला. प्लेट तापली की फुटते. चार शब्द. तेवढं बोलला असतात तर शंकरचा पाय आज धड असता. पण नाही, नवाबसाहेबांची शान कमी झाली असती!" नवाब हा शब्द त्याच्या तोंडावर त्या दिवशी पहिल्यांदा गेला. मामी दारात येऊन उभी राहिली.

हातातलं पातं त्याने खाली ठेवलं. "शंकर कसा हाय?" त्याने विचारलं. मी सांगितलं. "लई तकलीफ झाली लेकराला," तो म्हणाला. आणि मग, मामीकडे न बघता, "उद्या येतो म्हणावं."

तो आला आणि जबड्यातल्या दुसऱ्या, झिजलेल्या प्लेटेचं काम त्याने तीन दिवस केलं. पहिल्या दिवशी आधी शंकरच्या घरी जाऊन बसून आला, हे मला शंकरच्या आईने सांगितलं. तिथे काय बोलला ते कुणालाच माहीत नाही. बहुधा काहीच नसेल. मालक त्या तीन दिवसांत एकदाही हौदाकडे फिरकला नाही. मी मात्र दर चहाच्या वेळी पायऱ्या उतरून खाली जायचे. त्याने मला दोनदा प्लेटवर हात टेकवायला लावला आणि दोन्ही वेळा मी तो इतक्या घाईने उचलला की तो तुच्छतेने म्हणाला, "काट्यावर जाय तू."

अजूनही क्रशरवर कुणी बसलेला दिसला की मी खाली उतरून विचारते, बाबा, का बसला आहेस. खरं सांगायचं तर बहुतेक जण निव्वळ आळशीच निघतात. जग काही नवाबांनी भरलेलं नाही. शंकर पुन्हा कामावर येतो, आता माझ्या केबिनशेजारी पावत्या तपासतो. जीपमध्ये चढताना तो पाय आधी हाताने उचलून आत ठेवतो, मग स्वतः चढतो. मी तेवढा वेळ दुसरीकडे बघते. प्लेटेच्या त्या फोटोबद्दल मी त्याला काही सांगितलेलं नाही.

त्या तीन दिवसांतल्या शेवटच्या दिवशी काम संपल्यावर नवाब हात धूत होता. मी टॉवेल घेऊन उभी होते. तो अचानक म्हणाला, "एक सांग. त्या दिवशी मी समदं नीट सांगितलं असतं, असं तापते, असं फुटते, हात ठेवावा लागते. तर तू ऐकलं असतं?"

"ऐकलं असतं, मामा," मी म्हणाले.

त्याने हात पुसले, टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला आणि माझ्याकडे बघून हसला. त्या हसण्यात नेहमीचा तुसडेपणा नव्हता, आणि तेच मला लागलं. आमची ती शेवटची भेट. पुढच्या कामाला बोलावण्याआधीच, त्या हिवाळ्यात, दोन दिवसांच्या तापाने तो गेला. मी खोटं बोलले होते हे त्याला तिथल्या तिथे कळलं होतं. मला ते संध्याकाळी घरी पोचल्यावर कळलं.