छातीत सुटलेली बारी

आमच्या हिंजवडी-माणच्या आसपास बैलगाडा शर्यत असली की माईक माझ्याच हातात. गाडा घाट, म्हणजे शर्यतीचा चढाचा पट्टा, चढतो त्या एका धावेला आम्ही बारी म्हणतो. ती सुटली की मी पेटायचो. "झाली, झाली, झाली रे झाली!" त्या वर्षी माझ्याबरोबर काळीजही उधळायला लागलं. एक ठोका पडायचा, दोन गाळायचं, मग एकदम धडाधडा वीस. श्वास तुटायचा, आवाज कापायचा आणि खाली पब्लिक खूश! "काय जोश हाय राव!" मलाही तेच वाटलं. हाडाचा गाडाशौकीन मी, माझं काळीज बैलाबरोबर पळणारच की! असल्या खुळ्या अभिमानात मी सगळा हंगाम काढला.

हंगाम संपला तरी काळीज थांबेना. डाव्या कुशीवर झोपलं की धडधड, चपला घालायला वाकलं की धडधड. बायको जेवताना म्हणाली, "घाट बंद होऊन म्हयना झाला. आता कुटली बारी सुटलीय तुमच्या छातीत?" मी खेकसलो, "तुला काय कळतंय त्यातलं?" तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं, हे आज कबूल करायला मला लाज वाटत नाही.

आमच्या घरावर भाड्याच्या खोल्या आहेत. एका सकाळी पाण्याची टाकी बघायला जिना चढलो आणि दुसऱ्या मजल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली. मटकन खालीच बसलो. तिथल्या खोलीत राहणारी पोरगी इस्पितळात हृदयाची सोनोग्राफी करायची. ती धावत आली, माझं मनगट धरलं आणि तिचा चेहराच बदलला.

"काका, आत्ता निघायचं."

"अगं, शर्यतीचा जोश हाय तो. मुरलाय अंगात."

"जोशबिश काही नाही! उठा!"

एवढीशी पोर, पण काय दरारा! मी आणि बायको मुकाट्यानं तिच्या मागं गेलो. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये ती खिडकीतून अशी ओरडत होती की मला वाटलं, हिला घाटावरच न्यायला पाहिजे.

तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. माझं स्वतःचं हृदय! आयुष्यात हजार बाऱ्या बघितल्या असतील, पण असलं काही बघितलं नव्हतं. झडपा उघडतायत, मिटतायत, न थांबता. मी लहान पोरासारखा खुर्चीच्या टोकावर आलो. मग डॉक्टरांनी एका जागी बोट ठेवलं. उजवीकडच्या वरच्या कप्प्याला खेटून पेरूएवढी गाठ बसली होती.

"तुमचं हृदय चांगलं आहे," ते म्हणाले. "ही बाहेरून त्याला दाबतेय, म्हणून ठोके चुकतायत. बहुतेक साधी असावी. पण काढून तपासल्याशिवाय मी खात्री देणार नाही."

गाठ म्हटल्यावर बायकोनं पदर तोंडाला लावला. आमच्याकडे या शब्दाचा एकच अर्थ घेतात. भीती मलाही वाटली, खोटं कशाला बोलू? पण भीतीपेक्षा चेव जास्त चढला. चोर सापडला होता! मी म्हटलं, "डॉक्टर, हा न इचारता घुसल्याला भाडेकरू हाय. काढा भाईर!" डॉक्टर हसले. बायको काही हसली नाही.

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आलो तेव्हा बायको उशाशी होती आणि माझ्या छातीत काहीच नव्हतं. धडधड नाही, फडफड नाही, सगळं गार. इतके महिने त्या दंग्याची सवय झालेली. मला वाटलं, खलास! बंदच पडलं. मी तिचा हात ओढला आणि कसंबसं म्हटलं, "अगं बघ की... थांबलं का काय?"

तिनं माझ्या गळ्याशी बोटं टेकली. "चालतंय," ती म्हणाली. "लई शान्यावानी चालतंय. निसती पाण्याची पिशवी निघाली. वाईट काय न्हाई, आसं डाक्टर सांगून गेलं." आणि मग तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

झालं, मला लगेच जोर आला. "बघ, मी म्हणलं व्हतं ना, माजं काळीज म्हंजे..."

"गप पडा वो जरा," ती म्हणाली. "मोजतीया मी."

मी गप्प पडलो. शंभर झाले, दोनशे झाले, तरी तिनं बोटं काढली नाहीत.