चष्मा काढणारा माणूस

आमच्या घरात अमेरिकन सिनेमा बघायची तऱ्हाच निराळी. नायक कोण, नायिका कोण, याच्याशी नवऱ्याला काही देणंघेणं नसायचं. तो वाट बघायचा एका म्हाताऱ्या नटाची. लांबोडका चेहरा, पडलेले खांदे, पोस्टरवर कधी नाव नाही. हा कुठं न्यायाधीश, कुठं दुकानदार, पण बहुतेक वेळा डॉक्टर. डॉक्टर असला की ऑपरेशन थिएटरमधून बाहेर येणार, सावकाश चष्मा काढणार आणि समोरच्या बाईला वाईट बातमी देणार. "आले चष्मेवाले! गेला पेशंट," असं नवरा टाळी वाजवून म्हणायचा आणि मी त्याच्यावर डाफरायचे. मेल्या, मरणाची कसली थट्टा?

शिकायला परदेशी असलेल्या आमच्या मुलीनं इंटरनेटवर त्या नटाची सगळी कारकीर्द शोधून काढली. "बाबा, ही इज ऑलमोस्ट नाइंटी अँड स्टिल वर्किंग!" नवरा हरखून गेला. मग त्या नटाचे तरुणपणचे सिनेमे हुडकणं आलं. तेव्हा तो गुंड असायचा आणि सुरुवातीलाच गोळी खाऊन पडायचा. केस पिकले तसं त्याचं मरणं थांबलं आणि दुसऱ्यांच्या मरणाची बातमी सांगायचं काम मिळालं. "याला म्हणतात प्रमोशन," नवरा म्हणायचा. स्वतः नवरा इथं कुवेतच्या रिफायनरीच्या कंट्रोल रूममध्ये आयुष्य काढलेला माणूस. नावाशिवाय चोख काम करणारा कोणीही त्याला आपल्यातला वाटायचा.

मागच्या ऑगस्टमध्ये नवऱ्याच्या हृदयाची झडप बदलायची ठरली. सर्जन मूळचे नाशिकचे, मला 'वहिनी' म्हणणारे. "काळजी करू नका," एवढंच ते मला म्हणाले होते. नवरा आत गेला आणि मी बसले बाहेर. भीती म्हणजे काय ते मला त्या खुर्चीवर कळलं. डोळ्यांपुढे सारखा तो मेला चष्मेवाला. दार उघडलं की मी उठून उभी राहायचे. देवाचं नाव घ्यायला जावं तर तोच आठवायचा. शेवटी तिथला एसीचा गारठा सोसेना, म्हणून काचेच्या दारातून बाहेरच्या पोर्चमध्ये जाऊन उभी राहिले.

बाहेर समुद्रावरची दमट हवा अंगाला चिकटत होती. कुवेतच्या किनाऱ्यावर, अबू हलीफात इतकी वर्षं काढलेल्या मला ती काय नवीन? बऱ्याच वेळानं दार सरकलं. डॉक्टर मला शोधत बाहेर आले, दोन पावलं चालले, थांबले आणि त्यांनी चष्मा काढला.

मी खांब धरला. ते तोंड उघडणार एवढ्यात मी ओरडले, "डॉक्टर, आधी चष्मा घाला! मग बोला!"

मग बिचाऱ्यांनी सदऱ्याच्या टोकानं काचा पुसल्या आणि चष्मा घातला. "वहिनी, एसीतून बाहेर आलं की काचा पांढऱ्या होतात. काही दिसेना म्हणून काढला. झालं ऑपरेशन. ते ठीक आहेत." ऑगस्टमध्ये कुवेतमधल्या प्रत्येक चष्म्याचं हेच होतं. मघाशी बाहेर आले तेव्हा माझासुद्धा धुरकटला होता. मी तिथंच फरशीवर बसून मोठ्यानं रडले.

नवरा घरी आल्यावर हा किस्सा मी रंगवून सांगितला. वाटलं, पोट धरून हसेल. तो हसला नाही. टीव्हीवर एक जुना सिनेमा लागला होता. चष्मेवाले आले, त्यांचा हात चष्म्याकडे गेला आणि नवऱ्यानं रिमोट उचलून टीव्ही बंद केला.

"काय रे?" मी विचारलं.

"ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी डॉक्टर मला धोका समजावून सांगायला आले होते," तो म्हणाला. "म्हणाले, वहिनींना बोलावू का? मी नको म्हटलं."

"का?"

"बोलण्याआधी त्यांनी चष्मा काढला होता." त्यानं रिमोट टेबलावर ठेवला. "आणि तेव्हा आम्ही आत होतो गं. एसीत."