पाठीमागून येणारे प्रश्न

मास्तर शाळेतून निवृत्त झाले, पण बोलणं शिकवण्यातून काही निवृत्त झाले नाहीत. होणार कसे? पेन्शन माणसाला मिळते, जिभेला नाही. वर्गात त्यांनी भाषा शिकवली आणि शाळा सुटल्यावर वक्तृत्व. श्वास कुठे घ्यायचा, कुठे थांबायचं, हात खिशात का घालायचे नाहीत, सगळं. त्यांच्या हाताखालून गेलेलं पोर नुसते आभार मानायला उभं राहिलं तरी ओळखू यायचं. आधी गप्प उभं राहायचं, समोरच्यांकडे नीट बघायचं आणि मगच तोंड उघडायचं.

हे वेड त्यांना घरातूनच लागलेलं. थोरल्या बहिणीचं ऐकणं लहानपणीच्या एका तापात गेलं. ताई माणसांचे ओठ बघून ऐकायची. घरातले बाकीचे सगळे घाईत, कोणी पाठ करून बोलणार, कोणी तोंडात घास घेऊन. हा धाकटा एकटाच तिच्या पुढ्यात उभा राहायचा, उजेड आपल्या तोंडावर पडेल असा, आणि शब्द न् शब्द सुटा करून सांगायचा. ताईला कळलं म्हणजे जगाला कळलं, हा त्यांचा हिशेब तेव्हापासूनचा. ताईची एक खोड मात्र वाईट. भांडण झालं की ती सरळ डोळे मिटून घ्यायची. आता बोंबला काय बोंबलायचं ते. हा तिच्या पापण्या बोटांनी उघडायला जायचा आणि सडकून मार खायचा.

तर असे मास्तर. एवढ्या विद्यार्थ्यांत त्यांचा जीव होता एकावर. त्याला ते चॅम्पियनच म्हणायचे. त्यानं शाळेला इतक्या ढाली आणून दिल्या की मुख्याध्यापकांना कपाट घ्यावं लागलं. पाठांतर असं की कागद एकदा दाखवावा आणि फाडून टाकावा. त्यातलं पोराला कळलंय किती, हे मास्तरांनी कधी विचारलं नाही. ढाली येत होत्या ना, मग कशाला विचारतील?

हाच चॅम्पियन मोठा होऊन, गुळगुळीत दाढी, गुळगुळीत बूट, एक दिवस दारात उभा राहिला. वाकून नमस्कार केला. म्हणाला, "सर, तुमच्याशिवाय अडलंय." त्यानं एक नवीनच उद्योग काढला होता. नवा धंदा सुरू करणारी मुलं, म्हणजे ते स्टार्टअपवाले, आणि त्यात स्वतःच्या खिशातले पैसे घालणारे एंजल इन्व्हेस्टर, यांची दर महिन्याला हॉटेलच्या हॉलमध्ये गाठ घालून द्यायची. मुलांनी स्टेजवर उभं राहून पाच-सात मिनिटांत आपला धंदा सांगायचा. एंजल प्रश्न विचारणार, पटलं तर पैसे घालणार. उभं राहायची फी मात्र मुलांनी आधी भरायची, आणि फी चांगली सणसणीत. मास्तरांनी मुलांची तयारी करून घ्यायची.

मास्तर हरखले. निवृत्त माणसाला कोणी 'अडलंय' म्हटलं की तो अर्धा तिथेच विकला जातो.

वर्षानुवर्षं चाललेल्या त्या कार्यक्रमात मास्तरांची जागा ठरलेली होती. स्टेजच्या अगदी खाली एक खुर्ची, तोंड बोलणाऱ्याकडे. हातात पांढरा रुमाल. रुमाल मांडीवर म्हणजे ठीक चाललंय, वर उचलला म्हणजे सावकाश, खांद्यावर टाकला म्हणजे बाळा, आता आवर. एंजल मंडळींचं लांब टेबल त्यांच्या पाठीमागे. इतकी वर्षं मास्तरांनी बोलणाऱ्यांचे चेहरे बघितले, ऐकणाऱ्यांचा एकही नाही. मागे वळून बघणं त्यांना पोरांशी बेइमानी वाटायचं.

तयारी करून घेताना मास्तर एक गोष्ट आवर्जून करायचे. प्रत्येक मुलाला अडचणीत आणणारे प्रश्न काढायचे आणि चॅम्पियनला फोनवर सांगायचे, म्हणजे त्याची माणसं मुलांकडून सराव करून घेतील. आणि नवल असं की कार्यक्रमात पाठीमागून नेमके तेच प्रश्न यायचे. जवळजवळ शब्दाला शब्द. मास्तर खुर्चीतल्या खुर्चीत फुलायचे. पोरांनी तर बाजारात उठवलंच होतं, की मास्तर पेपर फोडतात. ते वरवर म्हणायचे, "अरे, अनुभव असतो," आणि घरी येऊन ताईला तीनतीनदा तेच सांगायचे. ताई हसून मान हलवायची.

ताई राहायची मास्तरांच्याच मजल्यावर, समोरच्या दारात, लेकीबरोबर. ही भाची उपकरणं दुरुस्त करायच्या दुकानात कामाला होती. डोकं तेज, तोंड त्याहून तेज. एकदा ती किल्ली विसरली आणि संध्याकाळभर स्वतःच्याच दाराबाहेर बसून राहिली. आत, हाताच्या अंतरावर, ताई मजेत मशीनवर उशांचे अभ्रे शिवत होती. त्या दिवशी भाचीनं मनावर घेतलं. बाहेर बटण दाबलं की घरातला प्रत्येक दिवा तीनदा लुकलुकेल आणि उशीखालची एक चकती थरथरेल, अशी घंटा तिनं बनवली. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी. कर्णबधिर मुलांच्या शाळेतल्या बाईंनी ती बघितली आणि म्हणाल्या, आमच्या सगळ्या पालकांना दे. पण देणार कशात? आतले भाग होते, वरची प्लास्टिकची डबी नव्हती. डबीसाठी साचा हवा आणि साचा महाग. भाची पगारातून साच्याचे पैसे साठवत होती आणि ते जमत आले होते.

मास्तरांना राहवेना. "साचा एक करशील, पुढे काय? एंजलसमोर उभी राहा, कारखाना टाकशील."

"मामा, एक सांग. पैसे घालणार ते, मग पैसे मी का भरायचे?"

"परीक्षेची फी भरत नव्हतीस?"

"परीक्षेत पास झाले की प्रमाणपत्र मिळायचं. इथे कोण पास झालंय आजवर?"

"फी नसती तर हौशे-गवशे सगळे येऊन उभे राहिले असते. मोठ्या माणसांचा वेळ आहे तो."

"मोठ्या माणसांच्या वेळाचे पैसे मोठ्या माणसांनी भरावेत," भाची म्हणाली. "आपल्याकडे ज्याला बोलायला बोलावतात त्याला पैसे देतात. इथे उलटंच."

मास्तरांचा चेहरा उतरला. ताईनं तो बघितला. भावाचा उतरलेला चेहरा तिला कधी सहन झाला नाही. ती लेकीला म्हणाली, "माझा भाऊ माझ्याशी आजवर खोटं बोललेला नाही. भर." भाचीनं आईकडे बघितलं, मामाकडे बघितलं आणि साच्याचे पैसे भरले. मामाच्या शब्दाखातर, बाकी कशाच्या नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी भाचीनं मास्तरांना बजावलं, "तू समोर बसायचं नाही. तुझा रुमाल बघितला की मला हसू येतं." मग मास्तर पहिल्यांदाच त्या खुर्चीवरून उठून बाजूच्या रांगेत, ताईशेजारी बसले. ताईला मुद्दाम आणलं होतं. घंटेचं प्रात्यक्षिक तिच्यावरच होतं. तिथून स्टेजही दिसत होतं आणि एंजलचं टेबलही.

भाची झकास बोलली. गप्प उभी राहिली, बघितलं, मग तोंड उघडलं. किल्ली विसरल्याची गोष्ट सांगितली तेव्हा लोक हसले, दाराबाहेरच्या संध्याकाळपाशी आली तेव्हा गप्प झाले. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांची नजर टेबलाकडे गेली. एक एंजल फोनवर घरांचे फोटो सरकवत होता. दुसरा बिस्किटांची बशी आपल्याकडे ओढत होता. तिसऱ्याचे डोळे उघडे होते, एवढंच म्हणता येईल. मास्तरांनी स्वतःची समजूत घातली, मोठी माणसं, त्यांना कामं असतात.

प्रश्नांची वेळ झाली. चॅम्पियन माइक घेऊन टेबलामागे फिरू लागला. ज्याच्या हातात माइक द्यायचा त्याच्याकडे अदबीनं वाकायचा, दोन शब्द बोलायचा आणि सरकायचा. ताई टक लावून बघत होती. ती मास्तरांच्या कानाशी झुकली आणि आपल्या त्या सपाट आवाजात म्हणाली, "अरे, एवढ्या मोठ्या माणसांना पण काय बोलायचं ते आधी सांगावं लागतं का?"

"म्हणजे?"

"तो तुझा चॅम्पियन सांगतो, मग ते विचारतात. आता बघ, हा विचारेल, एका घरात एकच घंटा लागते, मग गिऱ्हाईक पुन्हा तुमच्याकडे का येईल?"

माइकमधून जाड आवाज आला, "एका घरात एकच घंटा लागते. मग गिऱ्हाईक पुन्हा तुमच्याकडे का येईल?"

तो प्रश्न मास्तरांनी गेल्या आठवड्यात चॅम्पियनला फोनवर सांगितला होता. स्वयंपाकघरात उभं राहून, दूध उतू जात असताना.

"पुढचा विचारेल," ताई म्हणाली, तिला आता गंमत वाटू लागली होती, "वीज गेली तर माल किती तास टिकेल? नासला तर भरपाई कोण देणार?" ती थबकली. "घंटा कशी नासेल रे?"

पुढच्यानं तेच विचारलं. हॉलमध्ये खसखस पिकली. भाची क्षणभर गोंधळली, मग म्हणाली, "घंटा नासत नाही, सर." त्या एंजलनं, उत्तर मिळालं की ठीकच असणार अशा थाटात, मान डोलावली आणि माइक पुढे दिला. तो प्रश्न गोठवलेलं जेवण विकणाऱ्या मुलासाठीचा होता, मागच्या महिन्यातला. चॅम्पियनचं पाठांतर आयुष्यात पहिल्यांदा चुकलं होतं.

मास्तरांना हिशेब लागला. म्हणजे इतकी वर्षं पाठीमागून आलेला एकही प्रश्न कोणाला पडलेलाच नव्हता. फी भरलेल्या पोरांना आपल्याला कोणी खरंच तपासतंय असं वाटावं, म्हणून ते सगळं. आणि ते सगळं मास्तरांच्या तोंडचं.

चहाच्या वेळी त्यांनी चॅम्पियनला खांबाआड गाठलं.

"या टेबलावरच्या कोणी आजवर एका तरी पोराच्या धंद्यात पैसे घातलेत?"

"सर, ओळखी होतात. आत्मविश्वास वाढतो."

"मी पैशांचं विचारलं."

"त्यांच्याकडे एवढे पैसे असते तर ते बिस्किटं खायला आले असते का?" चॅम्पियन हसला. मास्तर हसत नाहीत हे बघितल्यावर त्याचा आवाज उतरला. चेहऱ्यावर लाजेपेक्षा नवलच जास्त होतं. "सर, तुम्हाला माहीत नव्हतं? मला वाटलं, तुम्हाला सगळं माहीत आहे आणि तुम्ही बोलत नाही. प्रश्न तर तुमचेच असायचे. तुमच्याच प्रश्नांवर उभं आहे हे सगळं."

"माझ्या भाचीची फी परत कर."

"हॉलवाल्याला गेली, सर. आणि परत करायची तर मग सगळ्यांचीच करावी लागेल." त्यानं मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. "पुढच्या महिन्यात तिला फुकट उभं करू. घरचीच आहे."

मास्तरांनी तो हात झटकला. ज्या पोराला जीव लावला त्यानं त्यांना इतकी वर्षं वापरलं होतं आणि वर त्यांनाच साथीदार समजत होता. राग यायचा तो आला, पण त्याच्याआधी ओशाळं वाटलं आणि ते काही केल्या जाईना.

बाहेर पोर्चमध्ये भाची उभी होती. पिशवीत घंटा, अंगात अजून स्टेजची धग. "मामा, कसं झालं? देतील का रे?"

मास्तरांनी तिला सांगितलं. खाली बघत, भराभर, वाक्यं अर्धी टाकत. आपल्या वर्गात असं बोलणाऱ्याला त्यांनी बाकावर उभं केलं असतं. भाचीनं ऐकून घेतलं. तिनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "इतकी वर्षं तुझेच शब्द ऐकू येत होते आणि तुला एकदाही मागे बघावंसं वाटलं नाही?"

"खरंच माहीत नव्हतं गं."

"असेल," ती म्हणाली आणि पिशवीची चेन लावायला लागली. चेन लावलेलीच होती.

ताई दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होती. लेकीची मान खाली, भावाचा हात तोंडावर, तिला काहीच ऐकू येईना. तिनं मास्तरांच्या मनगटाला धरून हात खाली ओढला. "तोंडावरचा हात काढ. काय झालं ते मला नीट सांग."

मास्तर लहानपणासारखे तिच्या पुढ्यात उभे राहिले. पोर्चमधल्या दिव्याचा उजेड तोंडावर घेतला. शब्द न् शब्द सुटा केला.

"पैसे कोणीच देणार नाही. ती माणसं खोटी होती. प्रश्न माझे होते. साच्याचे पैसे गेले. मी घालवले."

ताईनं शेवटच्या शब्दापर्यंत त्यांच्या ओठांवरून नजर हलवली नाही. मग लेकीचा हात चाचपून धरला आणि डोळे मिटून घेतले.

"ताई," मास्तर म्हणाले. "ताई, ऐक ना."