रुखवत कोणी केलं?

"हात लय चांगला हे बाई पोरीचा!" लग्नात रुखवताच्या टेबलासमोर उभ्या राहून त्या कौतुकानं मान डोलवायच्या. सुपारीचे भटजी, कोरलेल्या खोबऱ्याच्या वाट्या, डाळी-तांदळाची सप्तपदी. मुलीची मावशी सांगत असायची, "सगळं तिनंच केलंय, परीक्षा सांभाळून." खरं तर ते सगळं इंदिरानगरात आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, मान डोलवणाऱ्या याच बाईंनी केलेलं असायचं. तुम्हीही कधी अशा रुखवतापुढे नवरीचं कौतुक करून जेवायला गेला असाल.

त्या मूळच्या सायखेड्याच्या. नव्वदच्या सुमारास इथं आल्या तेव्हा कारखान्यात पेट्या भरायच्या. पाळ्या आणि दोन मुलांच्या शाळा यांचं जमेना, म्हणून बालवाडीत लागल्या. ती बंद पडली, तशा टायपिंग शिकून एका वकिलांकडे गेल्या. तिथं फायलींवर वेलबुट्टी काढायच्या. वकीलसाहेब वैतागले, "बाई, घटस्फोटाची फाइल आहे ही!"

"म्हणून तं काढली. तेवढंच बरं दिसतं."

भाचीचं रुखवत त्यांनी केलं आणि ते पाहून चार आया गुपचूप घरी आल्या. मग त्यांनी नोकरीच सोडली. यातला गुपचूप हा शब्द महत्त्वाचा.

पहिल्याच उन्हाळ्यात घोटाळा झाला. गिऱ्हाईक म्हणून वेगवेगळ्या येऊन गेलेल्या दोघी सख्ख्या जावा निघाल्या. दोघींच्या मुलींना बाईंनी हुबेहूब सारखे भटजी दिले होते, येवल्याच्या पैठणीच्या एकाच तुकड्याचं उपरणं पांघरलेले. आठ दिवसांच्या अंतरानं लग्नं झाली आणि जावांचं बोलणं बंद झालं. नक्कल कोणाच्या मुलीनं केली, यावरून भांडण. खरं सांगायची दोघींनाही सोय नव्हती. त्यानंतर बाईंनी एक भटजी दुसऱ्यासारखा केला नाही.

मग त्यांनी दारावर पाटी लावली. रुखवत करून मिळेल, आणि खाली स्वतःचं नाव. महिनाभर कोणी फिरकलं नाही. त्या दारात शिरताना कोणी पाहिलं तर! मुलगी कॉलेजात होती, काम थांबून चालणार नव्हतं. पाटी उतरली.

"कुठंतरी आपलं नाव लागावं, असं वाटतंच की वो," एवढंच एकदा म्हणाल्या.

माझ्या मुलीचं रुखवतही त्यांचंच. विहीणबाईंनी हे कोणी केलं म्हणून विचारलं, तेव्हा बाई माझ्या शेजारीच उभ्या होत्या. "आमच्या मुलीनं," मी म्हणाले. बाईंनी मान डोलवली. त्याची मला अजून लाज वाटते.

दोन-चार वर्षांपूर्वी बाई अचानक गेल्या. घरच्यांना भेटायला मी निघाले तर विहीणबाई म्हणाल्या, "मीही येते." मला जरा नवल वाटलं. घर अनोळखी बायकांनी भरलं होतं. बाईंची मुलगी एकेकीला विचारत होती, "आईची आणि तुमची ओळख कुठली?"

"अशीच," म्हणून जी ती पदर सावरत होती.

माझी पाळी आली. विहीणबाई मांडीला मांडी लावून बसल्या होत्या. मी म्हणाले, "माझ्या मुलीचं रुखवत तुझ्या आईनं केलं होतं गं. सगळंच्या सगळं."

मी विहीणबाईंकडे बघितलं नाही. त्यांनी डोळे पुसले ते मात्र कळलं.

"आमच्या धाकटीचंही," त्या म्हणाल्या.