व्हॅन भंगारात जाणार नाही

गेल्या महिन्यात मी फोनवर एक गाडी जिंकलो. ऑनलाइन लिलाव होता, शेवटच्या मिनिटाला माझीच बोली वर राहिली. मांद्र्यात मित्राच्या गेस्टहाऊसच्या पायरीवर बसलो होतो, तिथेच उठून एकटा नाचलो.

गाडी म्हणजे जुनी पांढरी व्हॅन. हौस म्हणून नव्हती घेतली. इब्रामपूरला माझी आते राहते, ती आणि तिच्या शेजारणी भाजी पिकवतात... तांबडी भाजी म्हणजे लाल माठ, भेंडी, मिरची. ती सकाळी उचलायची आणि मांद्र्याच्या गेस्टहाऊसांना पोचवायची, हा माझा प्लॅन.

काकांचा प्लॅन वेगळा. त्यांचं डिचोली बाजारात हार्डवेअरचं दुकान आहे, आणि मी कॉलेज अर्धवट सोडल्यापासून काउंटरमागची एक खुर्ची माझ्यासाठी राखून ठेवलीय. व्हॅनचा धंदा जमला तर माझं खरं, नाही तर गुपचूप दुकानात... असं ठरलं. बाबांनीही मान हलवली.

लिलावाआधी यार्डात जाऊन गाडी बघायची सोय होती. मी निघालोही होतो. पण वाटेत एका दोस्ताच्या काजूच्या बागेत नीरो काढत होते... बोंडांचा तो ताजा रस एक ग्लास पिऊन कोणी उठतो का? मी उठलो तेव्हा यार्ड बंद झालं होतं. मग फोटोंवरच भागवलं.

फोटोत व्हॅन खालून लालसर दिसत होती. दारांच्या कडा, चाकांवरच्या कमानी, सगळं लाल. पण मी सुर्ल्याचा. आमच्याकडे खनिजाच्या ट्रकांनी केळीची पानं लाल केली, शाळेचे शर्ट लाल केले, शेजाऱ्यांचं कुत्रं पांढरं आहे हे मला पावसाळ्यात कळलं. त्यात यार्ड डिचोलीतलं, म्हणजे त्याच खाणपट्ट्यातलं. म्हटलं, ही तर आपली धूळ... पाइप मारला की गेली. बाकीचे बोली लावणारे घाबरतायत तर घाबरू देत.

पैसे भरले, कागद झाले, गाडी आणायला बाबा बरोबर आले. त्यांनी अर्धं आयुष्य खाणीवर स्वतःचा ट्रक चालवलाय. त्यांनी दाराची कड नखाने खरवडली. धूळ असती तर बोटाला लागली असती. इथे पापुद्राच सुटून हातात आला.

"ही धूळ न्हय रे पुता. हो गंज."

मी ऐकलं नाही. पुढचं दार उघडून मॅट उचलली, तर खाली बारीक पांढरी वाळू आणि एक शिंपला. डिचोलीत समुद्राची वाळू कुठली? यार्डवाला म्हणाला, ही गाडी सगळी वर्षं समुद्रावरच्या एका हॉटेलात होती, पाहुण्यांना न्यायला-आणायला. खारं वारं खाऊन खाऊन तिचा तळ गेला होता. ते ऐकत मी आत पाय ठेवला आणि तो थेट यार्डच्या मातीला लागला.

बाबा हसले नाहीत. तेच जास्त लागलं.

इंजिन मात्र पहिल्याच झटक्यात सुरू झालं. मी चालवत होतो आणि बाबा शेजारी, त्या भोकाच्या दोन्ही कडांना पाय टेकून, खालून पळणारा रस्ता बघत सुर्ल्यापर्यंत आले.

काका आमच्या अंगणात उभेच होते.

"नारळ घेतना लेगीत मनीस कानाकडे हालोवन पळयता, आनी तू गाडी फोनार घेतलीस?"

नारळसुद्धा माणूस कानाशी हलवून बघतो, हे ऐकून शेजारीपाजारी खूप हसले. गाडी दुसऱ्याची असती तर मीही हसलो असतो. काकांनी भंगारवाल्याला लावायला फोन काढला, आणि मला म्हणाले, सोमवारपासून दुकानात ये.

मी म्हटलं, देणार नाही. पाय ठेवायला जागा नसली तरी भाजी ठेवायला आहे, मागचा भाग धड आहे.

"मागीर भाजीकूच चलवंक सांग," काका म्हणाले.

परत हशा. चावी मी खिशातच ठेवली. बाबा मधे पडले नाहीत. मला वाटलं, तेही काकांच्याच बाजूचे.

दुसऱ्या दिवशी उठलो तर बाबा परसात. खाणी बंद झाल्यावर त्यांनी ट्रक विकला, तेव्हा मागचा लोखंडी फाळका तेवढा ठेवून घेतला होता. तो गोठ्याला फाटक म्हणून लावलेला, आणि त्याला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना चालायचा नाही. तोच ते स्वतः बिजागऱ्यांवरून उतरवत होते.

मी एक टोक उचललं, आणि व्हॅनच्या तळाला बसवायला आम्ही तो वेल्डरकडे नेला. वेल्डरने पत्र्याची जाडी बघून डोकं खाजवलं, म्हणाला गाडी जड होईल.

"जांव दी," बाबा म्हणाले. "ओझें व्हरपाचीच गाडी ती."

फाळक्यावर मोर रंगवलेला होता. मापाने कापताना तो अर्धाच आला... बाबा तेवढा वेळ बाहेर जाऊन उभे राहिले.

सोमवारी सकाळी मी इब्रामपूरला आतेच्या टोपल्या भरत होतो. मांद्र्यात एका गेस्टहाऊसच्या मालकिणीने एक मिरची मोडून वास घेतला आणि म्हणाली, उद्याही आण. तेव्हापासून रोज जातोय. एक दार अजून दोरीने बांधावं लागतं, पण भाजी पोचते.

काका, तुम्ही ही पोस्ट वाचणार, फक्त लाइक करणार नाही. गाडी बघून घ्यायला हवी होती, हे तुमचं खरं. तरी ती भंगारात जाणार नाही, आणि मी काउंटरमागे येणार नाही. ती खुर्ची दुसऱ्या कोणाला द्या.

गोठ्याला बाबांनी आता बांबू आडवे लावलेत. गाय ते शिंगाने बाजूला सारते आणि रोज कोणाच्या तरी बागेत सापडते. बाबा जाऊन तिला घेऊन येतात, बांबू परत बांधतात... आणि मला अजून एका शब्दाने बोललेले नाहीत.