दात जुळेनात तेव्हा

मी घोरतो हे मला कधीच पटलं नव्हतं. बायको सांगायची, पण साक्षीला ती एकटीच. गांधीबागेतल्या आमच्या कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक समोर असताना मी डुलक्या घ्यायला लागलो, तेव्हा तिने मला डॉक्टरकडे नेलं. झोपेत श्वास अडकतो, असं तपासणीत निघालं. नाकातोंडात हवा सोडणाऱ्या यंत्राचा मास्क लावून झोपणं मला जमेना. मग धरमपेठेतल्या दाताच्या डॉक्टरीणबाईंनी एक क्लिप करून दिली. वरच्या-खालच्या दातांवर बसणारी, खालचा जबडा पुढे धरून ठेवणारी. घोरणं थांबलं म्हणे. डुलक्या मात्र खरोखरच थांबल्या.

काही वर्षांनी कापडाचा सुटलेला धागा दातांनी तोडायला गेलो, तर तुटेना. आरशात पाहिलं. पुढचे दात एकमेकांना लागतच नव्हते.

पहिला संशय बाईंवर. मापं घेताना त्यांनी दात घासून आखूड केले असणार. कोणाला न सांगता सीताबर्डीतल्या दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "इतकी वर्षं क्लिप वापरली की दात सरकतात. होतं असं." मग बाईंचं नाव ऐकून हसले. "आम्ही सोबतच शिकलो." झालं! दोघं मिळालेले आहेत, अशी माझी खात्रीच झाली.

त्या दिवसापासून क्लिप डबीत.

"काहून असं करून राहिले तुम्ही?" बायको म्हणाली. "तुम्ही घोरता हे मी काय खोटं सांगते?"

"तुले तर लग्नापासून माहं घोरणंच ऐकू येते वं."

दुकानात पुन्हा झोप यायला लागली. दोष मी उन्हाला दिला. त्याच आठवड्यात थोरली बहीण गावाहून आली. तिला या भानगडीतलं काहीच ठाऊक नव्हतं. दुपारी जेवून आडवा होताना तिला म्हटलं, "ताई, इथंच बस. मी घोरतो का ते पाय, अन् खरं सांग."

कोणीतरी खांदा गदागदा हलवत होतं, त्याने जाग आली. ताईचा चेहरा उतरला होता.

"घोरणं जाऊ दे गा. तुहा श्वासच बंद झाला होता. छाती हालून राहिली होती, पण हवा जात नव्हती. मले वाटलं, गेला माहा भाऊ."

बायको दारात उभी होती. माझ्याच्याने तिच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी बाईंना सरळच विचारलं, "तुम्ही माझे दात घासून आखूड केले का?" त्या रागावल्या नाहीत. क्लिप करताना घेतलेला माझ्या दातांचा जुना साचा काढून त्यांनी हातात दिला. दात तेव्हाही एवढेच लांब होते, फक्त जागा बदलली होती. ते पहिल्यासारखे जुळतीलच असं नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं आणि विचारलं, "पुन्हा मास्क बघायचा का?"

मी म्हटलं, क्लिपच राहू द्या. हल्ली तपासणीला जातो तेव्हा खुर्चीत बसण्याआधी हातात आरसा मागून घेतो, दातांवर नजर ठेवायला. बाई तो पुसून देतात.